१९७६ कॉर्व्हेट: डावा दिवा अर्ध्यावर रेंगाळतो, चढावर तर दोन्ही उठत नाहीत

घाटमाथा (ऑरोरा, कोलोरॅडो)

मंडळी, गाडी १९७६ ची शेव्हरोले कॉर्व्हेट, म्हणजे तिसरी पिढी. ३५० घनइंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक. हिचे पुढचे दिवे नाकात लपलेले असतात, स्विच ओढला की वर येतात. वर आणायला मोटर नाही, सगळा खेळ इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर. तक्रारी दोन.

पहिली: उजवा दिवा झटकन उठतो. डावा निम्म्यापर्यंत येतो, तिथे रेंगाळतो आणि मग सावकाश पुरा उघडतो. मिटतानाही तेच.

दुसरी जास्त त्रासाची. आय-७० हायवेने डोंगरात जाताना आयडाहो स्प्रिंग्जच्या पुढे सलग चढ आहे. ॲक्सिलरेटर दाबलेलाच असतो. आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे स्विच ओढला तर दोन्ही दिवे ढिम्म! पाय काढला की थोड्या वेळाने वर येतात.

व्हॅक्यूम गेज लावून पाहिलं. घरासमोर, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू), साडेचौदा इंच (पाऱ्याचे). जो तो १७ ते २१ हवेत म्हणतो. इथल्या एका गॅरेजने सांगितलं की इंजिन थकलंय, शिवाय दोन्ही ॲक्चुएटर (दिवे हलवणारे डबे), दोन्ही रिले (त्या डब्यांकडे व्हॅक्यूम सोडणाऱ्या झडपा), टाकी, नळ्या सगळंच नवीन घाला. आकडा ऐकून गाडी परत घेऊन आलो. सुरुवात कुठून करू?

चाकोरीबाहेर (ठाणे)

इलेक्ट्रिक मोटरचं किट मिळतं की. बसवा आणि मोकळे व्हा. पन्नास वर्षांच्या रबराशी कुस्ती कशाला?

नानाचं गॅरेज (पुणे)

चाकोरीबाहेर, मोटर बसवली की पुढच्या महिन्यात वायरिंगचा धागा निघेल, बघा. आणि चालू पद्धत मुळात वाईट नाहीये. १९६८ ते १९८२ इतकी वर्षं कॉर्व्हेटला हीच होती. त्याआधीच्या पिढीत मोटर होती, १९८४ पासून परत मोटर आली.

घाटमाथा, मी ही गाडी इथे एका संग्राहकाकडे उघडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातून, एक नळी निघते. तिच्यावर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप. पुढे टाकी. टाकीत व्हॅक्यूम साठतो, म्हणून इंजिन बंद केल्यावरही दिवे एकदा तरी हलतात. टाकीकडून दोन्ही बाजूंच्या रिलेंना जाड नळी. डॅशबोर्डच्या दिव्याच्या स्विचकडून रिलेंना बारीक नळी, ती फक्त इशारा नेते. रिलेपासून ॲक्चुएटरला दोन नळ्या, एक उघडायची, एक मिटायची. ॲक्चुएटर म्हणजे पत्र्याचा डबा, आत डायफ्रॅम म्हणजे रबरी पडदा, त्याला दांडा. शिवाय स्टिअरिंगखाली एक छोटा ओव्हरराइड स्विच असतो. दिवे न पेटवता नुसते वर उचलायचे तर तो. काच पुसायला वगैरे.

आता तुमच्या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, ते एकत्र करू नका. एकाच बाजूचा दिवा संथ असेल तर त्या बाजूचा रिले, ॲक्चुएटर, नळ्या किंवा नुसता जाम झालेला जोड. दोन्ही दिवे एकदम बसत असतील तर दोघांना सामाईक जे आहे ते: चेक व्हॉल्व्ह, टाकी, मोठी नळी, स्विच. गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघेही पहिला हात ॲक्चुएटरला घालतात, कारण तो मोठा आहे आणि समोर दिसतो. तो महाग पण असतो.

पहिलं काम, पाना न लावता. इंजिन बंद. टाकीची नळी काढा, फुस्स होऊन जाऊ द्या. हे विसरू नका, इंजिन बंद असलं तरी टाकीत जोर शिल्लक असतो आणि झाकण बोटावर मिटलं तर दया करत नाही. मग डाव्या ॲक्चुएटरचा दांडा सोडवा आणि दिवा हाताने वरखाली करून बघा. उजव्याइतकाच हलका जातो का? बुशिंगला, पिनला वाळलेलं ग्रीस असेल तर रॉकेल लावून साफ करा, नवीन ग्रीस भरा. मागची स्प्रिंग तुटलेली नाही ना बघा. निम्म्या केसेस इथेच संपतात.

मैलभर उंच (डेन्व्हर)

घाटमाथा, शेजारीच आहात की. साडेचौदा बघून इंजिन उघडायला देऊ नका! ते १७ ते २१ समुद्रसपाटीचं माप आहे. गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेचा दाब आणि मॅनिफोल्डमधला दाब यांतला फरक. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा धरा. साडेचौदा म्हणजे खाली मुंबईत साडेएकोणीस-वीस. गेजचा काटा स्थिर राहतोय ना? थरथरत नाही, ठरावीक लयीत खाली पडत नाही? मग इंजिन ठणठणीत आहे.

आणि बोगद्याचं कोडं पण इथेच निम्मं सुटतं. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर. तिथे आयडललाही नऊ-दहा इंचांच्या वर मिळणार नाही, म्हणजे डायफ्रॅम ओढायची ताकद मुंबईच्या निम्मी. त्यात तुम्ही चढावर थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडते ती हवेची झडप) उघडून. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ शून्य. त्या वेळी दिवे फक्त टाकीच्या साठ्यावर उठतात, आणि साठा टिकवायचं काम त्या चेक व्हॉल्व्हचं. माझा पैसा त्याच्यावर.

शिवारवाट (कोल्हापूर)

हे वाचून विलीज जीप आठवली. तिचा वायपर व्हॅक्यूमवर. आंबा घाटात पाऊस धो धो, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वायपर मधेच उभा. पाय काढला की फटाफट चालायचा. वडील दर वळणाला पाय उचलून काच पुसून घ्यायचे आणि परत दाबायचे. तुमचे दिवे त्याच घराण्यातले.

एक शंका. डिझेल गाड्यांना हा त्रास का नाही?

नानाचं गॅरेज (पुणे)

डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच नाही. म्हणून ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप लावतात. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. चढ असो, उतार असो, पंप फिरतोच. जुन्या मर्सिडीज डिझेलमध्ये तर, ती डब्ल्यू १२३, इंजिन बंद करायचं कामही व्हॅक्यूम करतो. नळी एअर घ्यायला लागली की चावी काढून मालक घरात जातो आणि इंजिन बाहेर धडधडत राहतं.

थंडावा (नाशिक)

मी फ्रिज-एसीवाला, गाड्यांमधलं फारसं कळत नाही, पण गळती शोधणं हे रोजचं. एक सांगतो. व्हॅक्यूमच्या लाइनवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधत बसू नका. गळती आत ओढते, बुडबुडा बाहेर येणारच नाही. फेसच आत जाईल.

हातपंप घ्या, गेजवाला. एकेक भाग वेगळा करा. टाकीची बाहेर जाणारी नळी चिमट्याने दाबा, आत १५ इंच ओढा, चहा करा. काटा तिथेच असेल तर टाकी बरी. मग चिमटा एक पायरी पुढे सरकवा. ज्या पायरीला काटा पडतो तिथे गळती. आमच्याकडे पण हेच, फक्त पंप मोठा आणि गॅस महाग.

मैलभर उंच

थंडावा, एकदम बरोबर. इथे लोक काढलेल्या नळ्यांची तोंडं बंद करायला गोल्फची टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचतात. निमुळती असते, कुठल्याही मापाच्या नळीत बसते. दुकानात पिशवीभर मिळतात.

आणि कोणी 'इंजिन चालू ठेवून कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा) फवारा मारा, आयडल बदललं की गळती सापडली' असं सांगायच्या आधी: तापलेल्या एक्झॉस्टवर ते पेट घेतं, आणि या गाडीची बॉडी फायबरग्लासची आहे. रंगही जातो. हातपंप बरा.

एलानवाली (लेस्टर)

उशिरा आले. माझ्याकडे लोटस एलान आहे, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, तिचेही दिवे व्हॅक्यूमवर. १९६२ ला आलेल्या मूळ एलानमध्ये व्हॅक्यूम दिवे वर उचलायचा आणि स्प्रिंग खाली ओढायची. म्हणजे रात्री हायवेवर गळती झाली की दिवे हळूहळू पापण्या मिटायचे. नंतरच्या मॉडेलांत उलट केलं: स्प्रिंग वर उचलते, व्हॅक्यूम खाली धरून ठेवतो. आता गळती असेल तर रात्री मिटून ठेवलेली गाडी सकाळी डोळे वटारून उभी असते. दूधवाला हसतो, पण जिवाला धोका नाही. अमेरिकेत १९६९ पासून नियमच आला की एकदा उघडलेले दिवे शक्ती गेली तरी उघडेच राहिले पाहिजेत. कॉर्व्हेटमध्ये ते लिव्हरच्या रचनेने साधतं ना? पूर्ण वर गेल्यावर तो मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन अडकतो.

एलानची टाकी वेगळी नसतेच. चासीचा पुढचा आडवा पोकळ तुकडा हीच टाकी. इंग्लंडचं मीठ-पाणी, त्यामुळे तो आतून गंजतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक शोधायला अख्खं नाक उचकटावं लागतं. घाटमाथा, तुमच्या टाकीच्या तळाशी हात फिरवून बघा.

आणि संथ दिव्याबद्दल. सगळे व्हॅक्यूम कुठून येतो ते बघतात. डायफ्रॅमच्या दुसऱ्या बाजूला हवा कुठून येते तेही बघा. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत थेंबथेंब येतं, दुसरं भोक पाडलं की धार लागते. इथे ते दुसरं भोक रिलेमध्ये असतं आणि त्यावर बारीक फोमची गाळणी असते. ती बुजली तर व्हॅक्यूम कितीही चांगला असो, दिवा रेंगाळणारच. उघडतानाही आणि मिटतानाही.

नानाचं गॅरेज

ताई, सोळा आणे. म्हणूनच मला 'मिटतानाही तेच' हे वाक्य महत्त्वाचं वाटलं. ॲक्चुएटरचा दांडा ज्या तोंडातून बाहेर येतो तिथलं रबरी सील फाटलं तर गळती त्याच कप्प्यात होते, म्हणजे दिवा एका दिशेला संथ आणि दुसऱ्या दिशेला बरा. दोन्ही दिशांना संथ म्हटलं की जोड जाम, नाहीतर रिलेचा श्वास कोंडलेला. डायफ्रॅमच फाटला असेल तर तोही दोन्हीकडे त्रास देतो, पण मग नुसता संथ नाही, फुसफुस ऐकू येते आणि इंजिनचं आयडलही बिघडतं.

घाटमाथा, फुकटची तपासणी: डावा आणि उजवा रिले अदलाबदल करा. नळ्यांवर रंगीत रेघा आहेत, तरी काढायच्या आधी फोटो घ्या, पन्नास वर्षांत कोणी काय जोडलंय देव जाणे. आजार रिलेबरोबर उजवीकडे गेला तर ॲक्चुएटरचे पैसे वाचले.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार बोनेटखालीच गेला, बायको म्हणते आता तिथेच झोपत जा.

दांडा सोडवून दोन्ही दिवे हाताने हलवले. डावा किंचित जड होता, पिना साफ करून ग्रीस भरलं, सारखे झाले. तरी डावा संथच.

मग रिले बदलले. आता उजवा रेंगाळतो आणि डावा टणकन उठतो! ॲक्चुएटरला हातपंप लावून दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं तपासलं, काटा हलला नाही. (पंप लावताना दुसरी नळी उघडी ठेवायची हे आता पाठ झालं.)

संथ रिलेची टोपी काढली. आत फोम कसला, काळा चिकट गोळा. बोटाला लावला तर डांबरासारखी तार निघते. त्याचाच चुरा खाली हवेच्या भोकात जाऊन बसलेला. दुसऱ्या रिलेचा फोम पिवळा पडलाय, अजून फोमसारखा दिसतो, पण दाबला की भुगा होतो.

चेक व्हॉल्व्ह काढून फुंकर मारली. दोन्हीकडून बिनदिक्कत जाते. मैलभर उंच, तुमचा पैसा परत.

प्रश्न: फोम काढून टाकून तसाच रिले चालवू का?

मैलभर उंच

पैसा नको, बोगद्यापलीकडे फ्रिस्कोला कॉफी पाजा.

नानाचं गॅरेज

तसाच चालवू नका. हवा आत ओढताना रस्त्याची धूळही ओढतो तो, आणि तो बसलाय थेट नाकात, चाकांच्या पुढे. आतली झडप रबराची आहे, कचरा बसला की नीट मिटत नाही, मग रिलेच एअर घ्यायला लागतो. खुल्या छिद्रांचा फोम घ्या, छोट्या इंजिनांच्या एअर फिल्टरला येतो तसला, मापात कापून बसवा. कोंबून भरू नका, आणि त्याला तेल लावू नका. गादीचा फोम नको, त्याचा लवकर भुगा होतो. आतलं भोक काडीने न टोकरता हलक्या हवेने साफ करा.

थंडावा

हलक्या म्हणजे खरंच हलक्या. कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर डायफ्रॅमचा फुगा होईल.

चाकोरीबाहेर

मान्य, फोमच्या तुकड्यापुढे मोटरचं किट महाग पडलं असतं. पण एक सांगा, हे एवढं लफडं त्या काळी केलंच का? सरळ उघडे दिवे का नाही लावले?

एलानवाली

नाक खाली ठेवायचं होतं. अमेरिकेत दिव्यांची जमिनीपासूनची किमान उंची ठरलेली, वर सीलबंद गोल दिव्यांची मापंही ठरलेली. बुटक्या गाडीत ते बसवायचे तर लपवून वर उचलणं हा सुटसुटीत मार्ग. आणि व्हॅक्यूम इंजिनमधून आयताच मिळतो. पुढे दिव्यांच्या आकारांवरचं बंधन गेलं, हळूहळू गरजच संपली. २००४ मध्ये पाचव्या पिढीची कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट बंद झाल्या, त्यांच्यानंतर रस्त्यावरच्या नेहमीच्या उत्पादनात असे दिवे आलेच नाहीत म्हणा.

घाटमाथा

नवीन चेक व्हॉल्व्ह बसवला, दोन्ही रिलेंना नवा फोम. दोन्ही दिवे आता एकसाथ उठतात. जोडीने उठताना बघायला काय मजा येते राव, शेजाऱ्याच्या पोराने चार वेळा करायला लावलं.

एक उरलंय. रात्री इंजिन बंद केल्यावर टाकीत चौदा इंच असतात, सकाळी शून्य. थंडावांच्या पद्धतीने चिमटे लावत गेलो. टाकी बरी, रिलेपर्यंतची मोठी लाइन बरी. डॅशबोर्डकडे जाणारी नळी दाबली की काटा थांबतो, सोडली की उतरतो. इंजिन चालू असताना स्टिअरिंगखाली कान लावला तर बारीक सीसस ऐकू येतं.

नानाचं गॅरेज

तो ओव्हरराइड स्विच. पायाच्या वर असतो, धूळ-चिखल सगळं त्याच्यावर, आणि आतली सीलं वाळतात. दिव्याच्या स्विचच्या पाठीमागचा व्हॅक्यूमचा जोडही बघा, तो नुसता सैल झालेला असतो कधीकधी. खात्री करायची तर ओव्हरराइड वगळून त्याच्या दोन नळ्या सरळ जोडणीने एकमेकींना जोडा आणि एक रात्र ठेवा. तेवढ्यापुरते दिवे फक्त मुख्य स्विचवर उठतील.

तसं बघितलं तर रात्रभरात टाकी रिकामी झाली म्हणून आभाळ कोसळत नाही, इंजिन चालू केलं की परत भरते. पण ती गळती कायम इंजिनमध्ये फुकटची हवा सोडते, तुमच्या उंचीवर आधीच व्हॅक्यूम कमी. सोडू नका.

घाटमाथा

वगळून पाहिला. सकाळी बारा इंच शिल्लक. नवा स्विच मागवतो.

काल बोगद्यापर्यंत जाऊन आलो. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवूनच स्विच ओढला. उठले दोन्ही, जरा आळसात, पण उठले.

मैलभर उंच

आळसात उठणारच, तिथे हवाच कमी. मी तर आयडाहो स्प्रिंग्जलाच दिवे वर करून ठेवतो. एकदा लिव्हर अडकला की व्हॅक्यूम राहो न राहो, दिवे खाली येत नाहीत. परतीच्या उताराला पाय वरच असतो, तेव्हा मिटायला जोर भरपूर.

शिवारवाट

घाटमाथा, रंगीत रेघांच्या नळ्या तिकडे अजून मिळतात का? इथे एका मित्राकडे जुनी अमेरिकन गाडी आहे, त्याला साधी काळी नळी लावली तर वाकणावर चपटी होऊन बसते.

घाटमाथा

मिळतात, पुनर्निर्मितीच्या संचात येतात, मापं वेगवेगळी. चपटी होते कारण ती पाण्याची किंवा काच धुवायच्या फवाऱ्याची नळी असणार, तिची भिंत पातळ. व्हॅक्यूमची म्हणूनच मागा, जाड भिंतीची. मित्राला जुन्या नळीचा तुकडा कापून आतला व्यास मोजायला सांगा, बाहेरचा नको. माप कळवा, मी जूनमध्ये येतोय, घेऊन येईन.